टिटवीने पसरलेली राख

तळ्याकाठी प्राण्यांची सभा भरत असे, त्या काळची ही गोष्ट. टिटवीची अंडी पुन्हा कुणीतरी तुडवली होती.

"आजपासून कोल्ह्याला काठबंदी!" सरपंच रेडा गरजला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"अहो सरपंच, कोल्ह्याने ती खाल्ली असती, तुडवली कशाला असती?" टिटवी कळवळली. "आधी पावलं तर बघू!" उरलेल्या एका अंड्याभोवती तिने वणव्याची राख पसरली.

सकाळी राखेवर एकही ठसा नव्हता. "अंडं शाबूत!" ती आनंदाने ओरडली, तशी नीट न ऐकताच "सापडला कोल्हा!" म्हणत अख्खी सभा काठावर धावली.

"थांबा! आहात तिथेच थांबा!"

रेड्याचा खूर अंड्यापासून बोटभर अंतरावर थबकला. सगळ्यांनी खाली पाहिलं. राखेत त्यांचीच पावलं उमटली होती.

त्या दिवशी काठबंदीचा कायदा झालाच, पण सभेसाठी.