न दिलेली ललकारी

एका गावात एक ललकारी देणारा गडी होता. आवाज असा खणखणीत, की त्यानं वेशीवर तोंड उघडलं तर माळावरची गुरं माना वर करत. गडी मोरपीस पक्षाचा. फेट्यात मोरपीस खोवून तो मिरवणुकीपुढे चालायचा. "गावाला रस्ता कुणी दिला?" असं त्यानं विचारलं, की मागून लोक गरजायचे, "मोरपिसानं!" पहिला सवाल त्याचाच, असा रिवाजच होता.

गावात निम्मी घरं टेकडीवरच्या देवाची, निम्मी नदीकाठच्या देवाची. गडी टेकडीचा. मोरपीस मात्र दोन्हीकडच्या फेट्यांत असे. भांडणं व्हायची, पण ती भाजीच्या भावावरून. देवाचं नाव त्यात कुणी घेत नसे.

मग निवडणूक आली आणि मोरपिसाच्या पुढाऱ्याला हरायची धास्ती पडली. सभेच्या दिवशी त्यानं गड्याला मंचामागे ओढलं.

"आज नवी ललकारी. तू विचार, 'नदीकाठचे कोण?' आपली माणसं म्हणतील, 'उपरे!' एवढं झालं की कोतवालाचा फेटा तुझ्या डोक्यावर."

"अहो, उपरे कसे? आपल्याइतकेच जुने आहेत ते इथले."

"घसा बसला तेव्हा त्यांचा काढा प्यायलास ना, म्हणून हा पुळका!"

"काढा दिला नसता, तरी हे माझ्या तोंडून निघालं नसतं."

पुढारी हसला. "समोर आई बसलीय तुझी. तिला रडवणार?"

हे मात्र वर्मी लागलं. नवरा गेल्यावर लोकांची धुणीभांडी करून तिनं त्याला वाढवलं होतं. पोराच्या डोक्यावर कोतवालाचा फेटा बघायला ती नवं लुगडं नेसून पहिल्याच रांगेत बसली होती.

गडी मंचावर चढला. सगळी सभा त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याला आईकडे बघायचा धीर होईना. त्यानं फेट्यातलं मोरपीस काढलं आणि पुढाऱ्याच्या हातात ठेवलं.

"ही ललकारी माझ्याच्यानं व्हायची नाही. मी पक्ष सोडला."

पुढाऱ्यानं स्वतःच ललकारी दिली, तर आवाज चिरकला. काही जण 'उपरे' म्हणालेही, खोटं कशाला सांगू? बाकीचे शेजारी बसलेल्याकडे बघून गप्प राहिले.

गडी खाली उतरला. "आई, फेटा गेला गं," एवढंच म्हणाला.

आई उठली. तिनं पदर खोचला. जन्मात कधी चढ्या आवाजात न बोललेली ती बाई सभेकडे वळली आणि कडाडली, "हा पोरगा कुणाचा?"

मग आधी नदीकाठच्यांतून आणि लगोलग टेकडीवाल्यांतूनही गर्जना उठली, "आमचा!"

माळावरच्या गुरांनी माना वर केल्या. पोरानं आवाज कुणाचा उचलला, ते त्या दिवशी गावाला कळलं.

तात्पर्य: पक्षाला आपला आवाज खुशाल द्यावा, पण शेजाऱ्याला परका ठरवण्यासाठी तो मागितला, तर ताठ मानेनं परत घ्यावा.