भागू साळिंदरणीचा खेळ

जनावरांना बोलायला आणि खेळायलाही सवड होती, त्या काळची गोष्ट. भागू साळिंदरणीने एक नवा खेळ रचला. झाडाच्या सालीवर आपल्याच काट्याने पट कोरले, सोंगट्यांना चिंचोके घेतले आणि रानातल्या बाजारात विकायला बसली.

पण गिऱ्हाईक आलं की ती नियम सांगायला लागायची, आणि ते संपेपर्यंत गिऱ्हाईक पसार व्हायचं. एकदा तिचा घसा बसला, बोलताच येईना. नेमके त्याच दिवशी माकडांनी होते नव्हते तेवढे पट विकत नेले.

पुढे ती नदीपलीकडे गेली, तर झाडाझाडाखाली तिचाच खेळ रंगलेला! भागूचा ऊर भरून आला. जवळ जाऊन पाहते तो काय, मेलेली सोंगटी पुन्हा पटावर येत होती.

"अहो, चुकताय तुम्ही! मेलेली सोंगटी परत येत नसते," ती कळवळून म्हणाली.

"तुला हा खेळ येत नाही वाटतं, बाई," एक म्हातारी माकडीण मायेने म्हणाली. "बस इथं, मी शिकवते."

'खेळ माझा आहे' हे शब्द भागूच्या अगदी ओठांवर आले. पण सोंगटी जिवंत झाली की पोरंटोरं अशी काही खिदळत होती, की तिने ते गिळले आणि मांडी घातली. पहिलाच डाव ती सपशेल हरली.

"मांडा पुन्हा!" भागू म्हणाली.