डावीकडची खुर्ची

एकदा एक वृद्ध वकील बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनिया या छोट्या देशात राहत होते. तारुण्यात ते तिथल्या संसदेत निवडून आले होते. पुढे सोव्हिएत सत्ता आली आणि त्यांची बारा वर्षे सैबेरियाच्या छावणीत गेली. आता देश पुन्हा स्वतंत्र झाला होता. एक तरुण वकील दर रविवारी त्यांच्याकडे शिकायला येई. काळ्या पावाचे काप पुढे ठेवून ते जुन्या दिवसांत रमत. न्यायालयासमोरची झाडे, खटल्यातून सुटलेल्या शेतकऱ्याने आणून दिलेला मध, असे काहीबाही सांगत.

त्यांच्या डावीकडे एक खुर्ची कायम रिकामी असे. शिष्य समोर स्टुलावर बसे. खुर्ची दिवंगत पत्नीची असावी, असे समजून त्याने कधी विचारले नाही.

एका रविवारी तो धुमसतच आला.

"गुरुजी, तुमच्यावर खोटा खटला रचणारा अधिकारी आता स्वतः आरोपी आहे. त्याला एकही वकील मिळत नाही. न्यायालयाने मला विचारलंय. हा बघा, मी नकार लिहून आणलाय."

वृद्धांनी पत्र वाचले. "अक्षर सुधारलंय तुझं," ते म्हणाले. मग उठून त्यांनी ती खुर्ची रुमालाने पुसली. "इथं बस."

"पण ही तर बाईंची..."

"ती कधी बसलीच नाही हिच्यावर. कुरकुरते म्हणायची."

शिष्य अवघडून बसला.

"माझा खटला अकरा मिनिटं चालला," वृद्ध म्हणाले. "माझ्या डावीकडे वकिलाची खुर्ची होती. रिकामी. छावणीत मला घर आठवायचं, हा पाव आठवायचा. पण सगळ्यांत जास्त आठवायचे ते दिवस, जेव्हा मी कुणाच्या तरी शेजारी वकील म्हणून बसायचो. तेव्हा ते नुसतं काम वाटायचं. आरोपीच्या शेजारी कुणी बसू नये, ही त्या अधिकाऱ्याची रीत होती. ती आपण उचलायची नाही."

"तो दोषी असला तरी?"

"ते न्यायाधीश ठरवतील. तू खोटं बोलू नकोस. फक्त शेजारी बस."

शिष्याने पत्र घडी घालून खिशात ठेवले.

खटला सुरू झाला आणि शिष्य त्या अधिकाऱ्याच्या शेजारी वकील म्हणून बसला. त्यानंतरच्या रविवारी तो आला, तेव्हा डावीकडच्या खुर्चीच्या पाठीवर वृद्धांचा कोट लटकत होता आणि बैठकीवर जुनी वर्तमानपत्रे पडली होती.

"सरकव ते आणि बस," वृद्ध म्हणाले, आणि पाव कापू लागले.