चेनने लपवलेली कडी

सायकलींना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. घाटाच्या शर्यतीत विदुलाला निम्म्या चढावरच उतरावं लागलं. पुढे पावसाळा लागला, तशी तिने सायकल पडवीत टांगली. सायकलची चेन खूश झाली. आता नुसतं लोळायचं!

पण विदुलाने चेन काढून रॉकेलच्या डब्यात बुडवली. चेन कळवळली, "शर्यत नाही, काही नाही, मग हा छळ कशाला? वरून तेल सोड की!"

"तेल सोडून सोडूनच तर मळाची पुटं चढलीत," मागचं दातेरी चाक म्हणालं. "धुऊन घे ना, बाई!"

पण त्या मळाखाली चेनने एक तडकलेली कडी लपवली होती. ती दिसली तर आपण भंगारात जाऊ, या धास्तीने घाटात ती अंग चोरत होती.

ब्रश फिरला आणि कडी उघडी पडली. विदुलाने तेवढीच कडी बदलली, चेन चढवली आणि मग स्वतःचाही दम वाढवायला ती धापा टाकत दोरीवरच्या उड्या मारू लागली.

हिवाळ्यात दोघी घाटमाथ्यावर पोचल्या.

पुढच्या पावसाळ्यात सायकल टांगताच चेनच म्हणाली, "अगं, रॉकेलचा डबा कुठाय?"