आपोआप फिरलेले चाक

घाट जिथून चढू लागतो, नेमक्या त्या वळणावर एकदा एक गॅरेज होते आणि त्या गॅरेजात एक वृद्ध मिस्त्री होते. सारा मुलूख त्यांना बापू म्हणे. दृष्टी मंदावली होती, गुडघे कुरकुरत होते, पण आवाजावरून गाडीचा रोग ओळखण्याची विद्या शाबूत होती. गाडी फाटकातून आत येईपर्यंत त्यांचे अर्धे निदान झालेले असे आणि उरलेले अर्धे चहा संपेपर्यंत होई.

त्यांचा शिष्य गोरख. शिष्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोवळे पोर उभे राहते. हा चौतिशीचा, दोन लेकरांचा बाप. बारा वर्षे बापूंच्या हाताखाली राबून त्याचा हात उत्तम बसला होता. बापूंवर त्याची अपार भक्ती होती आणि बापूंचा त्याला मनस्वी रागही येई. या दोन गोष्टी एकाच पोटात वर्षानुवर्षे नांदू शकतात, हे ज्याने कुणा गुरूजवळ दिवस काढले आहेत त्याला वेगळे सांगायला नको.

रागाचे कारण ऐकले तर हसू येईल. गोरखने नट आवळला की बापू मागून येत, त्याच नटाला पाना लावत आणि पुन्हा एकदा जोर करून बघत. रोज, प्रत्येक गाडीला, आणि तेही गिऱ्हाइकाच्या देखत. गिऱ्हाईक गालात हसे. गोरख फक्त ‘हो बापू’ म्हणे आणि पुढच्या कामाला लागे. बारा वर्षांत त्याने याविषयी चकार शब्द काढला नव्हता. मात्र तालुक्याच्या गावी त्याने स्वतःच्या गॅरेजसाठी गुपचूप एक जागा बघून ठेवली होती. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की बापूंकडे पाठ फिरवायची, निरोप कुणाच्या तरी तोंडी पाठवायचा, असे त्याने ठरवले होते. समोर उभे राहून सांगायची त्याची छाती नव्हती.

भाद्रपद लागला असताना मथुराताईंची पिकअप दारात आली. वरच्या दोन वाड्यांचे दूध गोळा करून खाली पोचवणाऱ्या या बाई गाडी स्वतः हाकत आणि गाडीपेक्षा जोरात बोलत. पिकअप वीस-बावीस वर्षांची, मागच्या दोन चाकांच्या बळावर चालणारी. पावसाळ्यात वरच्या वाडीच्या चढावर तांबडा चिखल झाला की ती चाके जागच्या जागी गरगरत आणि वाडीतल्या बाया दुधाचे कॅन डोक्यावर घेऊन निसरड्या वाटेने खाली येत.

“बापू, पुढच्या चाकांनाबी कामाला लावा,” मथुराताई म्हणाल्या. “मागची दोन ओढून ओढून मरत्यात अन् पुढची नुसती दिशा दाखवत फिरत्यात, पुढाऱ्यावानी.”

बापू खूप हसले. मग म्हणाले, “ताई, आता हे काम गोरखचं. मी हात लावणार नाय.”

गोरखला ते खरे वाटेना. इतके मोठे काम बापूंनी त्याच्यावर एकट्यावर कधी सोपवले नव्हते. हे एक काम डोळ्यांत भरेल असे करायचे आणि मग जायचे, असे त्याने मनाशी म्हटले. भंगार बाजारातून त्याने एका जीपचा पुढचा आस शोधून आणला, ज्यातून पुढच्या चाकांना ओढ मिळते. इंजिनाची फिरत पुढे-मागे वाटून देणारी पेटी बसवली. पुढची चाके हवी तेव्हा जोडावीत, नको तेव्हा सोडावीत, यासाठी गिअरशेजारी एक दांडी बसवली. पुढचे स्प्रिंगचे पाटे बदलले. परिवहन कार्यालयाच्या परवानगीसाठी चार हेलपाटेही घातले, आणि हे त्याला साऱ्यांत अवघड गेले.

हात लावणार नाही म्हणणारे बापू तिसऱ्याच दिवशी पाना घेऊन हजर झाले.

“मी कुठं काम करतोय?” ते म्हणाले. “नट तेवढा बघतोय.”

“हो बापू.”

अशा कामात एक गोष्ट सांभाळावी लागते. प्रत्येक आसाच्या पोटात दातेरी चक्रांची एक जोडी असते. मिस्त्री लोक तिला क्राऊन म्हणतात. पुढचा आणि मागचा क्राऊन एकाच मापाचा हवा, म्हणजे चारही चाके एका चालीने फिरतात. गोरखला हे पुरते ठाऊक होते. त्याने मागच्या आसावरची पत्र्याची पट्टी पुसली, तिच्यावरचा क्राऊनच्या मापाचा आकडा वाचला, पुढच्याशी ताडून पाहिला. आकडे जुळले. तो निश्चिंत झाला.

आणि इथेच तो चुकला. ही चूक घाटाच्या पायथ्याच्या मिस्त्र्यालाच शोभावी अशी होती. त्या मुलखात गाडी आली की लोक कंपनीचा क्राऊन काढून टाकत आणि संथ पण जोरकस असा दुसरा बसवत. त्याला नावच पडले होते, घाटाचा क्राऊन. पोट बदलले तरी आसावरची पट्टी मात्र जुनीच राही. गोरखने स्वतः असे कितीतरी क्राऊन बदलले होते. पण पट्टी स्वच्छ होती, आकडा जुळत होता आणि दसरा तोंडावर आला होता. घाईत असलेल्या माणसाला हवा तो आकडा दिसला की तो झाकण उघडून बघत नाही.

चाचणीसाठी तिघे वरच्या वाडीला गेले. परतीच्या पावसाने चढाचा राडा झाला होता. गोरखने दांडी ओढली, पुढची चाके जोडली आणि गाडी त्या चिखलातून कुठेही न अडखळता वर गेली. वाडीतल्या बाया कौतुकाने बघत राहिल्या. मथुराताईंनी तर गोरखच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याचे कपाळ काचेला टेकले. बापू मात्र मध्ये बसून नुसते डोळे मिटून ऐकत होते. उतरताना दोन कोस कोरडा डांबरी रस्ता लागला. तिथे पुढची चाके सोडायला हवी होती, पण गोरखला आपल्या कामाचा इतका अभिमान वाटत होता की त्याने ती जोडलेलीच ठेवली. वळणावळणाला टायर चीं चीं करू लागले. त्याने तिकडे लक्ष दिले नाही.

गॅरेजात पोचल्यावर त्याने दांडी सोडवायला घेतली तर ती हलेना. दोन्ही हात लावले, तरी हलेना.

“नवीन काम हाय,” तो म्हणाला, “रुळेल हळूहळू.”

मथुराताई गाडीपुढे फोडायला नारळ घेऊन उभ्याच होत्या.

“ताई, नारळ जरा थांबव,” बापू म्हणाले. “गोरख, इंजिन बंद कर. गिअर हाय तसाच राहू दे. मागच्या चाकांना दगड लाव आणि पुढचं डावं चाक जॅकवर उचल.”

“बापू, पंक्चर नाय ते.”

“माहीत हाय. उचल, आणि चाकापासून लांब बस.”

गोरखला काही उमगेना. चांगल्या चालत्या गाडीचे चाक कशासाठी उचलायचे? मथुराताईंसमोर पुन्हा आपला पाणउतारा होणार, असे वाटून त्याचे कान तापले. तरी त्याने जॅक लावला. चाक जमिनीपासून बोटभर सुटले आणि गाडीच्या पोटात धाडकन आवाज झाला. इंजिन बंद होते, चाकाला कुणी शिवलेही नव्हते, तरी ते हवेत गरकन अर्धा फेरा फिरले आणि थांबले.

“अगं बया!” मथुराताई दोन पावले मागे सरल्या. “आत कोण बसलंय?”

“आता दांडी ओढ,” बापू म्हणाले.

गोरखने दांडीला हात लावला. एका बोटाने ती सुटली.

बापू स्टुलावर बसले. “मागं घाटाचा क्राऊन हाय, गोरख. ह्या ताईच्या आधीच्या मालकाच्या वेळी मीच टाकलाय. तू पट्टी वाचलीस, आणि मी टाकलेलं विसरलो. रस्त्यावर टायर रडायला लागले तेव्हा मला आठवलं. चूक दोघांची हाय.”

गोरख मान खाली घालून उभा राहिला. बापू सावकाश बोलू लागले.

“पुढचं चाक म्हणतंय, चल लवकर. मागचं म्हणतंय, दमानं. चिखलात काय बिघडत नाय, तिथं चाक घसरतं आणि दोघांचं भागून जातं. कोरड्या रस्त्यावर घसरायला जागा नसती. मंग ती ओढाताण जाते कुठं? आत साठती. दांड्यात साठती, दातात साठती. वरून बघणाऱ्याला गाडी झकास दिसती. आणि एक दिवस उतारावर, भरल्या कॅनसकट, आतला दात मोडतो. लोक म्हणतात, अचानक मोडला. अचानक काय नसतं लेका. चाक उचललं, त्याला मोकळं व्हायला जागा मिळाली, तेव्हा कुठं कळलं की आत केवढं साठलं होतं.”

गोरखने ठरवले, पुढचा क्राऊन काढायचा आणि मागच्याच्या मापाचा बसवायचा. चार दिवस लागणार होते. मथुराताई नारळ तिथेच ठेवून, एसटीच्या नावाने बोटे मोडत निघून गेल्या. गॅरेजात दोघेच उरले. गोरख जॅकवरच्या त्या चाकाकडे बराच वेळ बघत उभा होता. मग त्याचे तोंड उघडले, आणि ते त्याने उघडले म्हणण्यापेक्षा आपोआप उघडले म्हणणे बरे.

“बापू, तुम्ही माझा नट पुन्हा आवळता ना, मला ते सहन होत नाय. बारा वर्षं झाली. लोक हसतात. माझा एक तरी नट कधी ढिला निघाला का?”

बापूंनी त्याच्याकडे पाहिले.

“एकबी नाय निघाला,” ते म्हणाले. “कधीच नाय.”

“मंग?”

“तुझा नट नव्हतो रे बघत मी.” बापूंनी आपला उजवा हात पुढे धरला. “आधी तू आवळलेला नट माझ्या हातानं आणखी पाव फेरा फिरायचा. मंग नुसता तसूभर हलायला लागला. आता हलतच नाय. रोज पाना लावून बघतो, आज तरी हलतो का.”

बारा वर्षे जे गोरखने अविश्वास समजून गिळले होते, ते एका म्हाताऱ्या माणसाचे स्वतःच्याच मनगटाशी चाललेले भांडण होते. त्याचे डोळे भरून आले आणि त्या भरात त्याने उरलेलेही सांगून टाकले. तालुक्याला बघितलेली जागा, दसऱ्याला न सांगता निघून जायचा बेत, सगळे.

“पण आता नाय जात मी,” तो म्हणाला. “इथंच राहतो.”

बापूंना लागले होते. ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. तरी त्यांनी विचारले, “तिथं छप्पर गळतं का?”

“नाय. पक्कं हाय.”

“मंग जायचंस.”

“बापू...”

“ऐक. चार दिवसांनी ताई येईल, तिला काय सांगशील? क्राऊन जुळलाय, आता दांडी कायम ओढून ठेव, असं सांगशील? नाय ना. सारखी चाकं असली तरी वळणावर प्रत्येकाचा फेरा वेगळा असतो. कोरड्या रस्त्यावर सोडून द्यायचं, चिखल आला की जोडायचं. जे सुटतच नाय, ते जोडलेलं नसतं, अडकलेलं असतं. तुझी चाल आता माझ्याहून जलद हाय. गाडीत मी नव्याला जुन्याच्या मापाचा करीन, माणसाला कशाला करू? तू दसऱ्याला जा. पण सांगून जा, सरळ माझ्या तोंडावर.”

गोरखने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. “दसऱ्याला जातो, बापू,” तो म्हणाला, आणि ते वाक्य किती सोपे होते याचे त्याला नवल वाटले.

पाचव्या दिवशी पिकअप कोरड्या रस्त्यावरून गेली आणि घाटावरून परत आली. टायर एकदाही ओरडले नाहीत. दसऱ्याला गोरख आपल्या नव्या जागेत गेला. पहिल्या दिवशी बापू तिथल्या दारात खुर्ची टाकून बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, हा माझ्यापेक्षा चांगलं काम करतो. गोरखने इतकी वर्षे जे ऐकायची वाट पाहिली होती, ते असे भर रस्त्यात ऐकून तो गडबडीने एका गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

पुढे दिवाळीच्या आधी एका सकाळी बापूंचा फोन आला. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला मदतीला हाक मारली नव्हती. “घाटात टेम्पो रुतलाय,” ते म्हणाले. “मला एकट्याला होत नाय. येतोस का?”

गोरखने फोन ठेवण्याआधीच मोटारसायकलची किल्ली उचलली होती.

आपल्याही घरात एखादी झकास चालणारी गाडी असते, तिच्याविषयी कुणाची कसली तक्रार नसते. निदान एकदा तिचे चाक जमिनीवरून उचलून बघावे.