मागायची रीत

"…आणि मी आणखी पाच हजार कमी सांगितले असते, तर घेतलं असतं का त्यांनी मला?"

चार रात्री या प्रश्नाने मला झोपू दिलं नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी तो प्रश्न आणि चार वर्षांची जुई, दोघांना घेऊन मी गावाबाहेरच्या मठात सारजाबाईंकडे गेले. नवऱ्याच्या कारखान्याला टाळं लागलं होतं. नोकरी मलाच मिळवायची होती, आणि हा तिसरा नकार होता.

सारजाबाई भिक्षेला निघाल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, खांद्याला झोळी.

"चल," म्हणाल्या.

वाटेत मी बोलतच राहिले. तयारी किती केली, पगार विचारल्यावर जुन्या पगाराहून कमी आकडा कसा सांगितला, वर "जमलं तर" हेही कसं जोडलं. एम.कॉम. झालेली बाई मी. भाजीवाल्याशी याहून ताठ मानेने बोलते.

पहिल्या दारात अर्धी भाकर मिळाली. बाईंनी हात जोडले.

दुसऱ्या दारात सून बाहेर आली, आज काही नाही म्हणाली. बाईंनी तसेच हात जोडले.

"नाही म्हणाली ती," मी म्हटलं.

"ऐकलं मी."

"मग नमस्कार कशाला?"

"दाराशी येऊन सांगितलं तिनं…"

मला दोन ओळींची ईमेल आली होती. त्यात माझं नावही चुकलं होतं.

तिसऱ्या दारात एक म्हातारी बसली होती. भाकर आणायला उठता उठता तिने जुईला विचारलं, "कोनाची व तू?"

"शेजारची," जुई म्हणाली.

म्हातारी हसत आत गेली.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या…

मग सांगावंच लागलं. मुलाखत घरूनच होती, लॅपटॉपवर. मधेच जुईने आई म्हणून हाक मारली. साहेबांनी विचारलं, घरात लहान मूल आहे का. मी म्हटलं, नाही हो, शेजारची मुलगी आहे. जुई तिथेच उभी होती, दप्तर पाठीला.

"मूल आहे म्हटलं तर घेणार नाहीत असं वाटलं, बाई. आणि तरी नाही घेतलं."

म्हातारीने भाकर आणून दिली. बाईंनी हात जोडले.

"सोमवारी आणखी एक मुलाखत आहे. किती पगार सांगू?"

बाईंनी झोळी उतरवली आणि माझ्या खांद्यात अडकवली.

"पुढच्या दारात तू माग. हिला कडेवर घे."

मी जुईला उचललं. जड झाली होती. कधी झाली, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

चौथ्या दाराची कडी वाजवायला मी हात पुढे केला, तशी ती माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली,

"इथं आई म्हणायचं का?"