डीपी उडाली त्या दुपारी

टीं... टीं... टीं...

किती वर्षांपूर्वीचा तो आवाज, पण दिगंबरबुवांच्या कानातून अजून गेलेला नाही.

तेव्हा ते नुसते दिगंबर होते. मठात कॉम्प्युटर कळणारा तो एकटाच, आणि त्याचा थोडा ताठाही होता. गुरू चिंधूबाबा पदं म्हणत, तो टाइप करून ठेवी. बाबांना ती त्यांच्या गुरूंकडून तोंडी मिळालेली. दुसरीकडे कुठेच लिहिलेली नव्हती.

“पण का, बाबा?” टाइप करता करता त्या दुपारी त्याने विचारलं. “आवाज खणखणीत आहे. लोक कुठून कुठून तुमचं कीर्तन ऐकायला येतात. आणि गादी माझ्यावर सोडून निघालात?”

बाबा सुपारी कातरत राहिले.

“मला नाही जमायचं,” दिगंबर म्हणाला.

“परवा तर सांगत होतास, बाबांपेक्षा माझा ताल पक्का.”

दिगंबर ओशाळला. “ते... तुम्ही ऐकलंत?”

“कान शाबूत आहेत रे अजून.”

“तेच म्हणतोय मी! सगळं शाबूत आहे, मग जाता कशाला?”

बाबा काही बोलणार, तोच रस्त्यावरची विजेची डीपी धाडकन उडाली. लाइट गेली. डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला. कॉम्प्युटरला जोडलेला टेबलाखालचा बॅटरीचा डबा ओरडू लागला.

टीं... टीं...

“उपट ती वायर!” बाबा घाबरून उठले.

“थांबा बाबा. काही होत नाही.”

दिगंबरने आधी पद सेव्ह केलं. उघडलेलं सगळं एकेक करून मिटलं. मग कॉम्प्युटर बंद व्हायला लावला आणि हात मांडीवर ठेवून बसला. स्क्रीन काळी झाली. आतली घरघर थांबली. तेव्हा कुठे त्याने डब्याचं बटण दाबलं, आणि सगळ्यात शेवटी वायर काढली.

बाबा डोळे भरून बघत होते.

“वा! काय मायेनं निजवलंस रे त्याला... वायर ओढली असती तर?”

“आजचं पद गेलं असतं. कदाचित मागची पदंही बिघडली असती.”

“बरं, ओढली नसती. चालूच ठेवलं असतं. डबा चालवत होता की.”

“नाही बाबा.” दिगंबर जरा ऐटीतच म्हणाला. “ती बॅटरी काम रेटायला नसते. नीट थांबता यावं म्हणून असते. संपेपर्यंत काम करत बसलं, तर थांबायला काही उरतच नाही.”

बाबा हसले.

“पुन्हा सांग.”

“संपेपर्यंत काम करत बसलं, तर थांबायला...” म्हणता म्हणता दिगंबरला आपल्याच प्रश्नाचं उत्तर ऐकू आलं.

बाबांनी आपल्या चिपळ्या टेबलावर ठेवल्या. त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. आणि सावकाश ओसरी उतरून चालू लागले.